मॉन्टेसरीनंतरची शाळा : अकरा ते चौदा या वयाचा विचार

पुणे शहरात एखाद्या घरी ‘मुलगी मॉन्टेसरीत जाते’ असे सांगण्यात आले, की ऐकणारा मुलीचे वय विचारीत नाही. ती तीन ते सहा वर्षांची असणार, हे त्याने गृहीतच धरलेले असते. ‘मॉन्टेसरी’ हा शब्द मराठीत बालवाडीला पर्याय म्हणून रुळला आणि त्याबरोबरच त्याचा अर्थही आकुंचित झाला. मूल सहा वर्षांचे होऊन ‘मोठ्या शाळेत’ गेले, की मॉन्टेसरी संपली, असा सार्वत्रिक समज आहे. या नावावर कोणाचीही मालकी नसल्यामुळे ती पाटी कोणालाही लावता येते, हा आणखी एक भाग. परंतु त्याची चर्चा येथे करावयाची नाही. येथे विचार करावयाचा तो पद्धतीच्या विसरलेल्या उत्तरार्धाचा. अकरा ते चौदा या वयाच्या मुलामुलींसाठी या विचारात काय सांगितले आहे, पुणे आणि परिसरात त्याच्याशी नाते सांगणारे कोणते काम झाले आहे आणि अशा लहान शाळेतून बाहेर पडलेले मूल पुढील आयुष्यासाठी खरोखर अधिक तयार होते काय, हे प्रश्न आज प्रत्येक शिक्षकाच्या व शिक्षण समितीच्या सदस्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

डॉ. मारिया मॉन्टेसरी या मूळच्या वैद्यक शाखेच्या. रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब कामगारांच्या वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी पहिले बालगृह उघडले. स्वस्थ बसून ऐकणारे मूल त्यांना नको होते. हाताने काही करीत असलेले, आपले काम आपण निवडणारे आणि आपली चूक आपणच ओळखणारे मूल त्यांना अभिप्रेत होते. १९३९ मध्ये त्या मद्रासजवळील अड्यार येथे शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आल्या. दुसऱ्या महायुद्धामुळे हा मुक्काम लांबला आणि युद्ध संपेपर्यंत त्यांचे वास्तव्य भारतातच झाले. मोठ्या मुलांविषयीच्या त्यांच्या विचाराला या काळात बरीच स्पष्टता आली, असे अभ्यासक मानतात.

कोकणच्या किनाऱ्यावरून आलेली परंपरा

महाराष्ट्राला या विचाराची ओळख मात्र त्याआधीच झालेली होती. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. तेथे ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ताराबाई मुंबईत आल्या आणि १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी ग्रामबालशिक्षण केंद्र उभे राहिले. याच कामात पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे जन्मलेल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आज तो भाग पालघर जिल्ह्यात मोडतो.

ताराबाई आणि अनुताई यांचे मोठेपण केवळ पद्धती आणण्यात नाही. परदेशी साधनांचा महाग संच बाजूला ठेवून त्यांनी बिया, शिंपले, खडे, पाने अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून तेच काम साधले. आदिवासी पाड्यातील मूल बालवाडीत येत नाही, तर बालवाडीच पाड्यातील अंगणात न्यावी, या विचारातून ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि ती कल्पना निघाली. वयाने मोठ्या मुलांसाठी त्यांनी केलेला प्रयोग मात्र त्या मानाने कमी लक्षात राहिला आहे. सात-आठ वर्षांवरील मुले दिवसभर गुरे राखीत. ती शाळेत येणे शक्यच नव्हते. तेव्हा शिक्षक कुरणावर गेले. गुरे चरत असताना झाडाखाली भरणाऱ्या या शाळेला ‘कुरणशाळा’ म्हणण्यात येई.

या प्रयोगात एक सूक्ष्म भेद दडलेला आहे. कोसबाडच्या मुलांच्या हातांत काम होतेच. त्यांना हवे होते अक्षर. पुण्यातील सुस्थित घरातील मुलांना अक्षर भरपूर मिळते. त्यांच्या हातांना काम मिळत नाही. एकाच पद्धतीला दोन्ही ठिकाणी उपयोगी पडावयाचे असेल, तर ती दोन्ही ठिकाणी सारखी दिसणार नाही. कोसबाडच्या मुलाला आणखी काम देणे हे शिक्षण नव्हते. पुण्यातील सातवीच्या मुलाच्या हाती करवत देणे हे मात्र शिक्षण असू शकते.

चौथ्या वर्षी खेळ, आठवीत बीजगणित

डॉ. मॉन्टेसरी यांनी वाढीचे सहा-सहा वर्षांचे टप्पे मानले आहेत : जन्मापासून सहा, सहा ते बारा, बारा ते अठरा आणि अठरा ते चोवीस. पहिल्या टप्प्यात मूल इंद्रियांनी शिकते. दुसऱ्या टप्प्यात ‘का’ आणि ‘कसे’ हे प्रश्न येतात, कल्पनाशक्ती विश्वाला कवळू पाहते आणि सवंगड्यांत न्याय-अन्यायाचा विचार सुरू होतो. तिसऱ्या टप्प्यात शरीर झपाट्याने बदलते, मन हळवे होते आणि मोठ्यांच्या जगात आपले स्थान कोणते, हा प्रश्न मुलाला भेडसावू लागतो. हे टप्पे एकमेकांपासून तुटलेले नाहीत. आधीच्या टप्प्यात पेरलेले पुढच्या टप्प्यात उगवते, ही या विचाराची खरी किल्ली आहे. एका साध्या साधनावरून ती स्पष्ट होईल.

मॉन्टेसरी बालगृहात लाकडाचे आठ तुकडे असलेली एक पेटी असते. एक मोठा लाल घन, एक लहान निळा घन, तीन लाल-काळ्या विटा आणि तीन निळ्या-काळ्या विटा. रंगाला रंग लावून हे तुकडे बसवले, की एक पूर्ण घन तयार होतो. चार वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने हे कोडे आहे. त्याला कोणी त्यातील गणित सांगत नाही, सांगूही नये. ते पुनःपुन्हा पेटी रिकामी करते आणि भरते. आठवीच्या वर्षी तेच मूल दोन पदांच्या बेरजेचा घन करण्याचे सूत्र शिकते. सूत्रात एक ‘अ’चा घन, तीन वेळा ‘अ’च्या वर्गाचा ‘ब’शी गुणाकार, तीन वेळा ‘अ’चा ‘ब’च्या वर्गाशी गुणाकार आणि एक ‘ब’चा घन असतो. एक, तीन, तीन, एक. म्हणजे पेटीतील तेच आठ तुकडे. इतर वर्गांत सूत्रातील ‘तीन’ हा अंक पाठ करावा लागतो आणि परीक्षेत तोच विसरला जातो. ज्याने पेटी हाताळली आहे, त्याला तो विसरताच येत नाही. कारण तीनऐवजी एकच वीट धरली, तर दोन विटा टेबलावर उरतात.

हे साधन कोणत्याही गावात करता येण्यासारखे आहे. ‘अ’ची बाजू ४ सेंटिमीटर आणि ‘ब’ची ३ सेंटिमीटर धरून सुताराकडून टाकाऊ लाकडाचे आठ तुकडे करून घ्यावेत. घनफळे अनुक्रमे ६४, तीन वेळा ४८, तीन वेळा ३६ आणि २७ भरतात. एकूण बेरीज ३४३, म्हणजेच ७ चा घन. वर्गातील मुलांनी हे तुकडे स्वतः मोजले, तर सूत्र शिकवण्यापूर्वीच त्यांना सापडेल. अडचण साधनाची नसून व्यवस्थेची आहे. बालवाडी एका खात्याकडे, प्राथमिक शाळा दुसऱ्याकडे आणि माध्यमिक शाळा तिसऱ्याच संस्थेकडे, अशी वाटणी झाल्यामुळे पेटी बालवाडीतच राहते आणि आठवीच्या शिक्षकाला ती कधी दिसत नाही.

पाचवीचा आणि आठवीचा उंबरठा

या वाटणीचा फटका नेमका अकरा ते चौदा या वयाला बसतो. महाराष्ट्रात पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी शाळांची रचना दीर्घकाळ चालत आली. लहान गावातील मुलाला चौथीनंतर एकदा आणि सातवीनंतर पुन्हा एकदा शाळा बदलावी लागे. अनेक ठिकाणी आजही लागते. ज्या वयात मुलाला ओळखणारा, त्याच्यातील बदल पाहणारा एखादा प्रौढ माणूस आवश्यक असतो, त्याच वयात त्याच्या पुढील शिक्षक दर तासाला आणि शाळा दर तीन वर्षांनी बदलते. मुलींच्या बाबतीत तर शाळेचे अंतर वाढले, की शिक्षणच थांबण्याचा धोका असतो.

लहान शाळेचे सामर्थ्य येथे दिसते. ज्या शाळेत प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी आहे आणि शिक्षक मुलांना तीन-चार वर्षे सलग पाहतात, तेथे मुलाची पडती बाजू प्रगतिपुस्तकात यावी लागत नाही. ती आधीच माहीत असते. मॉन्टेसरी विचारात तीन वर्षे वयोगटाची मुले एकाच वर्गात ठेवण्यात येतात. मोठी मुले लहानांना शिकवतात आणि शिकवताना स्वतःचे कच्चे पक्के करतात. आपल्याकडील द्विशिक्षकी शाळेत हीच स्थिती नाइलाजाने असते. एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसलेल्या पाहून तपासणीला आलेला अधिकारी खेद व्यक्त करतो आणि शिक्षकही एका गटाला लेखन देऊन दुसऱ्याला शिकवीत वेळ कसाबसा निभावतो. नाइलाज आणि योजना यांत फरक आहे, हे खरे. प्रत्येक मुलाच्या हाती आपले आपण पुढे नेता येईल असे काम असल्याशिवाय बहुवर्ग खोलीतून काही निघत नाही. परंतु ती योजना करता येते, आणि ती केलेली शाळा मोठ्या शाळेपेक्षा कनिष्ठ मानण्याचे कारण नाही.

भूमीची मुले

बारा वर्षांनंतरच्या मुलांविषयी डॉ. मॉन्टेसरी यांनी जे सुचवले, ते वाचून त्या काळचे अनेक शिक्षणतज्ज्ञ चकित झाले. त्यांचे हे विचार १९४८ मध्ये पुस्तकरूपाने आले. या वयात मुलांवर पाठ्यपुस्तकांचा भार वाढवू नये, त्यांना शहरापासून दूर मोकळ्या हवेत राहू द्यावे, जमीन कसू द्यावी, पिकवलेले विकण्यासाठी छोटे दुकान चालवू द्यावे, यंत्रे हाताळू द्यावीत आणि मिळालेल्या पैशांचा हिशेब ठेवू द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. अशा मुलांना त्यांनी ‘भूमीची मुले’ या अर्थाचा जर्मन शब्द योजला. पैसे मिळवणे हा हेतू नव्हे. आपण केलेली वस्तू दुसऱ्याला हवी आहे आणि तो तिची किंमत देतो, या अनुभवातून मुलाला मोठ्यांच्या जगात पाऊल ठेवल्याची खात्री पटते, हा हेतू होय.

भारतीय वाचकाला येथे महात्मा गांधींच्या नयी तालीमची आठवण होणे स्वाभाविक आहे. गांधीजी आणि डॉ. मॉन्टेसरी यांची लंडनमध्ये १९३१ साली भेट झाली होती. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. शाळेने आपला खर्च मुलांच्या कामातून भागवावा, या सूचनेवर तेव्हाच टीका झाली होती, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. उत्पादन हे उद्दिष्ट झाले, की शिक्षक मुकादम होतो. पुढे १९६६ च्या कोठारी आयोगाच्या अहवालाने ‘कार्यानुभव’ शालेय शिक्षणाचा भाग करावा, अशी शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे महाराष्ट्राचे सुपुत्र. वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास आला; परंतु बहुतेक शाळांत तो कागदी फुले आणि पाकिटे यांपलीकडे गेला नाही. जी वस्तू कोणालाच नको आहे, ती नीट झाली की बिघडली, हे ठरवणार तरी कोण?

पाबळचा आठवड्यातील एक दिवस

या प्रश्नाचे सर्वांत ठोस उत्तर पुणे जिल्ह्यातच मिळाले. जे. पी. नाईक आणि डॉ. चित्रा नाईक यांनी उभारलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचे कार्य पुण्यातून चालते. या संस्थेचे केंद्र म्हणून १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी विज्ञान आश्रम सुरू केला. डॉ. कलबाग हे अन्नतंत्रज्ञानाचे शास्त्रज्ञ. म्हैसूरची राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि त्यानंतर एका मोठ्या उद्योगातील संशोधन विभाग, असा अनुभव घेऊन ते खेड्यात आले. तेथील काम मॉन्टेसरी या नावाने चालत नाही, आणि त्याचा उगमही त्या परंपरेतून झालेला नाही. परंतु बारा वर्षांनंतरच्या मुलाला खरे काम द्यावे, हे सूत्र दोन्हीकडे एकच आहे. म्हणून ज्याला मॉन्टेसरीची पुढची पायरी पाहावयाची आहे, त्याने पाटी न शोधता पाबळ पाहावे.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातील एक दिवस कामात घालवावा, अशी ही योजना आहे. कामाची चार क्षेत्रे ठरवण्यात आली : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाने चारही क्षेत्रांत काम करावयाचे. मुलीने वेल्डिंग करावयाचे आणि मुलाने स्वयंपाक. शिकवणारे बहुधा गावातील कसबी माणसे असतात. विद्यार्थी गावाला सेवा देतात आणि तिचे मूल्य घेतात. म्हणजे अंदाजपत्रक, मालाची खरेदी, मजुरी आणि पावती हे सर्व आलेच. पुढे राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने या अभ्यासक्रमाला मान्यता दिली आणि तो अनेक शाळांत पसरला. ज्यांची शाळा मध्येच सुटली, अशा तरुणांसाठी आश्रमात एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रमही चालवण्यात येतो. डॉ. कलबाग यांचे २००३ मध्ये निधन झाले. काम मात्र चालू राहिले.

अशा कामातून नेमके काय शिकले जाते, हे एका उदाहरणाने पाहू. शाळेला एका टेबलाची लोखंडी चौकट करावयाची आहे, असे समजावे. पाऊण मीटरचे चार पाय, एक मीटरच्या दोन पट्ट्या आणि अर्ध्या मीटरच्या दोन पट्ट्या लागणार. बेरीज केली, तर ३ अधिक २ अधिक १, म्हणजे बरोबर ६ मीटर. दुकानात अँगल ६ मीटरच्याच लांबीचा मिळतो. पाठ्यपुस्तकातील गणित येथे सुटले. त्याला पूर्ण गुण. प्रत्यक्षात मात्र आठ तुकड्यांसाठी सात काप घ्यावे लागतात. कापणाऱ्या चाकाची जाडी सुमारे ३ मिलिमीटर धरली, तर ७ कापांत २१ मिलिमीटर लोखंड भुग्याच्या रूपाने जमिनीवर पडते. शेवटची पट्टी ५०० ऐवजी ४७९ मिलिमीटर भरते आणि चौकट गुण्यात येत नाही. हे ज्या मुलीच्या हातून एकदा घडले, ती पुढच्या वेळी कापण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसते. पाय किती आखूड चालतील, पट्टीची मापे कशी बदलावीत, की सरळ दुसरा अँगल आणावा, याचा ती विचार करते. २५ मिलिमीटर बाजूच्या व ३ मिलिमीटर जाडीच्या अँगलचे वजन मीटरला सुमारे १.१ किलो असते. तेव्हा ६ मीटरचे ६.६ किलो आणि त्यावर त्या दिवसाचा भाव. दुकानदाराने वजन अधिक लावले, तर तिला ते तेथेच कळते.

येथे चूक दाखवायला शिक्षकाची लाल शाई लागत नाही. चौकटच ती दाखवते. बालगृहातील पेटीत तीन विटा उरल्या, की चार वर्षांचे मूल जसे ओळखते, तसेच हे आहे. चौथे वर्ष आणि चौदावे वर्ष यांना जोडणारा धागा हाच.

शहरातील शाळा

पुणे शहरात शेतजमीन नाही आणि शहरी पालकांचा ओढा दहावीच्या गुणांकडे असतो. तरीही येथे वेगळा प्रयत्न झालेला आहे. १९९२ मध्ये सुरू झालेली अक्षरनंदन ही मराठी माध्यमाची शाळा त्याचे उदाहरण होय. तिच्या उभारणीत विद्या पटवर्धन यांचा मोठा वाटा आहे. आकाराने लहान राहणे तिने जाणीवपूर्वक स्वीकारले. मुलांची आपसांत स्पर्धा लावून क्रमांक काढण्यापेक्षा अनुभवातून शिकण्यावर आणि हाताने करावयाच्या कामावर तिचा भर राहिला. मुलांनी केलेल्या वस्तूंची ‘दुकानजत्रा’ ही तिच्या परिचितांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. ही शाळाही स्वतःला मॉन्टेसरी म्हणवीत नाही. इंग्रजी माध्यमाच्या लाटेत मराठी माध्यमाची प्रयोगशील शाळा दहावीपर्यंत चालवता येते, हे मात्र तिने दाखवून दिले, आणि पुण्यासारख्या शहरात ही लहान गोष्ट नव्हे.

शहरी पालकांची शंका येथे नोंदवणे आवश्यक आहे. मूल सुखी दिसते, प्रश्न विचारते, सुतारकाम करते. परंतु पुढे अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत ते मागे पडेल काय? शंका रास्त आहे. वर्षानुवर्षे आपले काम आपण निवडलेल्या मुलाला तीन तास एका जागी बसून दुसऱ्याने काढलेले प्रश्न सोडवणे हे एक वेगळे कौशल्य म्हणून शिकवावे लागते. ते न शिकवता केवळ आपल्या तत्त्वाचा अभिमान बाळगणारी शाळा मुलांवर अन्याय करते.

संशोधन काय सांगते

या बाबतीत परदेशात झालेले काही अभ्यास मार्गदर्शक आहेत. ते वाचताना अतिउत्साह टाळावा. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात एका सार्वजनिक मॉन्टेसरी शाळेतील प्रवेश चिठ्ठ्या टाकून दिले जात. चिठ्ठी निघालेली मुले आणि न निघालेली मुले यांची तुलना अँजेलिन लिलार्ड व निकोल एल्स-क्वेस्ट यांनी केली आणि ती २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पालकांनीच शाळा निवडलेली असल्यामुळे मुले हुशार निघाली, हा नेहमीचा आक्षेप येथे बराच दूर होतो. बारा वर्षांच्या मॉन्टेसरी मुलांचे निबंध अधिक कल्पक आणि वाक्यरचनेने अधिक प्रगल्भ आढळले. सवंगड्यांतील पेचप्रसंगी काय करावे, याची त्यांची उत्तरे अधिक समंजस होती. अभ्यास जेमतेम शंभराहून थोड्या अधिक मुलांचा होता, हे ध्यानात ठेवावे.

त्याच शहरात पाचवीपर्यंत मॉन्टेसरी शाळेत शिकून नंतर सर्वसामान्य शाळांत गेलेल्या मुलांचा माध्यमिक शिक्षण संपेपर्यंत माग घेण्यात आला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गणित आणि विज्ञान या विषयांत ही मुले पुढे असल्याचे दिसले. इंग्रजी, समाजशास्त्र आणि एकूण श्रेणी यांत मात्र फरक आढळला नाही. आणखी एक अभ्यास, केव्हिन राथुंड आणि मिहाय चिक्सेंटमिहाय यांचा, २००५ चा. तो थेट आपल्या वयोगटाचा आहे. पाच मॉन्टेसरी माध्यमिक शाळांतील मुले आणि तशाच घरांतून आलेली इतर शाळांतील मुले यांना दिवसातून अनेकदा, अवचित, त्या क्षणी त्यांना कसे वाटते, हे विचारण्यात आले. अभ्यासाच्या वेळी मॉन्टेसरी मुलांत उत्साह आणि तल्लीनता अधिक आढळली. येथे प्रवेश चिठ्ठीने नव्हते. म्हणून पालकांच्या निवडीचा परिणाम पूर्णपणे वगळता येत नाही. थोडक्यात, गुणांच्या बाबतीत फायदा काही विषयांत आणि मर्यादित दिसतो. कामातील रस टिकून राहणे आणि माणसांशी वागण्याची समज यांत तो अधिक स्पष्ट आहे. या दोन गोष्टी नोकरीत, शेतीत वा संसारात कमी महत्त्वाच्या आहेत, असे कोणी म्हणणार नाही.

लहान गावातील शाळेला काय करता येईल

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये सहावी ते आठवी हा स्वतंत्र ‘मध्यस्तर’ मानण्यात आला आहे. या इयत्तांच्या काळात दहा दिवस दप्तराविना ठेवून मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांबरोबर काम करावे, असे त्यात सुचवले आहे. दिशा योग्य आहे. परंतु दहा दिवसांत करवत कशी धरावी, एवढेच कळते. अँगल चुकीचा कापला गेला आणि दुसऱ्यांदा तो बरोबर कापला, एवढे होण्यास आठवड्यातील एक दिवस अनेक महिने द्यावा लागतो. दोहोंतील हा फरक अंमलबजावणी करणाऱ्यांनी लक्षात घ्यावयास हवा.

शिक्षणहक्क अधिनियम, २००९ मधील एक तरतूदही विचारात घेण्यासारखी आहे. उच्च प्राथमिक शाळेत १०० पेक्षा अधिक मुले असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक नेमावयाचे आहेत. शंभराच्या आतील शाळेला त्या तरतुदीचा लाभ मिळत नाही. म्हणजे ज्या लहान शाळेत हे काम सर्वांत सहज जमेल, तिलाच शिकवणारा माणूस मिळत नाही. पाबळचा अनुभव येथे उपयोगी पडतो : गावातील वेल्डर, गवंडी, नर्सरी चालवणारी महिला, पंपदुरुस्ती करणारा कारागीर हेच शिक्षक होऊ शकतात. त्यांच्या मानधनाची आणि मुलांच्या सुरक्षिततेची तरतूद शाळा व्यवस्थापन समितीने व ग्रामपंचायतीने मिळून करावी लागेल. हातमोजे, गॉगल आणि प्रथमोपचार पेटी यांच्यावाचून एकही यंत्र मुलांच्या हाती जाऊ नये. चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास कायद्याने बंदी आहे, याचे भान ठेवून हे काम शाळेच्या वेळापत्रकात, शिक्षकाच्या देखरेखीखाली आणि शिकण्यासाठीच असले पाहिजे. मिळणारा पैसा पुढील कामाच्या मालासाठी वापरावा. शाळेच्या वीजबिलासाठी नव्हे.

ग्रामपंचायतीला दरवर्षी झाडांची रोपे लागतात, स्मशानभूमीच्या वाटेवर बाक लागतो, अंगणवाडीला कमी उंचीचे फळे लागतात. यांपैकी एखादे काम शाळेला द्यावे. देताना इतर कोणत्याही कामाप्रमाणे सातवी-आठवीच्या मुलांकडून लेखी अंदाजपत्रक मागवावे आणि काम झाल्यावर मापे घेऊन ते स्वीकारावे. बाक डुगडुगत असेल, तर तो परत करावा. मुलांवर दया करून डुगडुगता बाक स्वीकारला, तर शिकण्याचा भागच निघून जातो. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने अशा शाळेत भिंतीवरील तक्त्यांआधी मुलांची कामाची वही मागवावी : पहिले अंदाजपत्रक, प्रत्यक्ष झालेला खर्च, दोहोंत पडलेला फरक आणि तो का पडला, हे मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिलेले कारण.